किरकिर

तो तेव्हा तीन वर्षांचा होता आणि दुपारपासून त्याला काहीच पटत नव्हतं. पाणी हवं होतं, पण दिलेल्या पेल्यात नको होतं. पेला बदलला तर पाणीच नको झालं. मोजे काढ म्हणाला, काढले, तर ‘तू का काढलेस’ म्हणून रडला. आडवं केलं की उठून बसायचा, उचलून घेतलं की खाली उतरायला धडपडायचा. मोठ्याने रडणं या सगळ्यात कुठेच नव्हतं. नाकातून येणारा एक बारीक, ताणलेला सूर होता आणि तो थांबतच नव्हता. मला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एक काम पुरं करून द्यायचं होतं. सहाच्या सुमारास मी त्याचे दोन्ही दंड धरले आणि म्हटलं, ‘‘किरकिर बंद कर. आत्ताच्या आत्ता.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं.

आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. ती बाहेर आली, त्याच्या मानेला हात लावून पाहिला आणि मला म्हणाली, ‘‘किरकिर करत नाहीये गं तो. किरकिरा झालाय. काहीतरी दुखतंय त्याचं.’’

रात्री ताप चढला. सकाळी डॉक्टरांनी कानात पाहिलं, तर उजव्या कानाचा पडदा लाल होऊन फुगला होता. मधल्या कानात असं काही झालं की आडवं झाल्यावर ठणका वाढतो. म्हणजे तो झोपायला का तयार नव्हता, ते कळलं. पाणी गिळतानाही त्याचा कान दुखत असणार. ‘माझा कान ठणकतोय, मला आडवं करू नकोस’ हे वाक्य तीन वर्षांच्या मुलाजवळ नसतं. जे होतं त्यातून तो दुपारभर सांगत राहिला होता.

कान आठवड्याभरात बरा झाला. आईचं ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. किरकिर करणं आणि किरकिरं होणं. शब्द तोच. एकात मुलगा काहीतरी करतो आहे, म्हणजे त्याने ठरवलं तर तो ते थांबवू शकतो आणि थांबवत नाही म्हणून तो दोषी आहे. दुसऱ्यात त्याला काहीतरी झालं आहे, जसं पान पिवळं होतं किंवा आभाळ गढूळ होतं. झालेल्या गोष्टीवर ओरडून उपयोग नसतो, तिचं कारण बघावं लागतं. आईने मला उपदेश केला नव्हता. तिने फक्त क्रियापद बदललं होतं आणि त्याबरोबर मी काय करायला हवं तेही बदललं होतं.

तेव्हापासून मी हे शब्द ऐकत आले आहे. लहान मुलांच्या बिघडलेल्या मनःस्थितीसाठी मराठीत किती शब्द आहेत, ते एकदा झोप येत नव्हती म्हणून मोजायला घेतलं आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून नुसती ऐकत राहिले. किरकिर, पिरपिर, कुरकुर, भुणभुण, चिडचिड, तणतण, फणफण, धुसफुस, मुसमुस. जवळजवळ सगळे दोनदा म्हटलेले. अर्थ समजायच्या आधीच यांचा आवाज ऐकू येतो. ज्या बाईने किंवा ज्या आजीने हे शब्द पहिल्यांदा वापरले असतील, तिने मुलाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधला नव्हता. तिने कान लावला होता आणि जे ऐकू आलं तेच शब्दात ठेवलं होतं.

आणि तिचा कान फार तयार होता. भुणभुण म्हणजे डासासारखं कानाशी येऊन तेच तेच मागणं. पिरपिर ओलसर असते, नाक वाहत असल्यासारखी. ती थेंबाथेंबाने होते, पावसाचीही पिरपिर असतेच. मुसमुस ही रडण्याची उतरण, भर ओसरल्यावर उशीत तोंड खुपसून चाललेली. धुसफुस लहान मुलांना सहसा जमत नाही. ती आठ-दहा वर्षांनंतर येते, जेव्हा राग दाबून ठेवता येऊ लागतो आणि तो बाजूने वाफेसारखा निसटतो. तणतण करायला पाय लागतात, कारण तणतणत माणूस जातो किंवा येतो. बसून कोणी तणतणलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

किरकिर आणि कुरकुर यांच्यात एका स्वराचा फरक आहे आणि तो मला फार आवडतो. ‘उ’ची कुरकुर खालच्या पट्टीत, तोंडातल्या तोंडात, थोडी मोठ्या माणसाची. जुना दरवाजा कुरकुरतो, नवं पायताण कुरकुरतं, जास्तीचं काम अंगावर पडलं की माणूस कुरकुरतो. ‘इ’ची किरकिर उंच, बारीक, टोकदार. रातकिडे किरकिर करतात. एडवर्ड सपिर या भाषाशास्त्रज्ञाने 1929 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ‘मिल’ आणि ‘मल’ असे दोन बनावट शब्द घ्यायचे, दोन्हींचा अर्थ टेबल असं सांगायचं आणि विचारायचं, मोठं टेबल कोणतं? बहुतेकांनी ‘मल’ म्हटलं. ‘इ’ लहान वाटते. मराठीने किरकिर या शब्दात दोन वेळा ‘इ’ घातली आहे. हा शब्द उच्चारतानाच आपलं तोंड लहान मुलासारखं आवळलं जातं, ओठ ताणले जातात. आरशासमोर म्हणून पाहा.

एवढा नेमका कान असलेल्या भाषेत मी मुलाचा आवाज ऐकला होता आणि तरी मला तो कळला नव्हता. आवाज ऐकणं हा शब्दाचा अर्धाच भाग असावा. उरलेला अर्धा भाग व्याकरणात आहे आणि तिथेच खरी गंमत आहे.

राग या शब्दाकडे पाहा. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली, आसक्ती, प्रेम. ‘रंज्’ या धातूपासून आलेला शब्द, रंगणं आणि रंजन त्याचीच भावंडं. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ क्रोध झाला. चेहऱ्यावर चढणारी लाली तेवढी तीच राहिली. हा राग मराठीत आपण सहसा करत नाही, तो आपल्याला येतो. मला राग येतो, तुला राग येतो. झोप येते, ताप येतो, हसू येतं, रडू येतं, तसाच रागही बाहेरून आल्यासारखा येतो आणि जातो. फार शहाणपणाची रचना आहे ही. माणूस आणि त्याचा राग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ती वाक्यातच मान्य करते. आलेल्या पाहुण्यासारखं त्याला ‘आवर’ म्हणता येतं, ‘गिळ’ म्हणता येतं, ‘जाऊ दे’ म्हणता येतं.

हट्टाचं तसं नाही. हट्ट येत नाही, तो करावा लागतो, किंवा धरावा लागतो. ‘हठ’ म्हणजे बळ, जबरदस्ती. हठयोगातला हठ तोच. हट्टात मूल आपलं सगळं बळ लावून उभं असतं. म्हणून हट्टाला नाही म्हणता येतं आणि कधी कधी म्हणायलाच हवं. मूल हट्टी आहे म्हणजे त्याला काहीतरी हवं आहे आणि काय हवं ते त्याला पक्कं माहीत आहे. किरकिऱ्या मुलाला काय हवं ते माहीत नसतं. पेला बदलून दिला तरी नको, कारण प्रश्न पेल्याचा नसतो. हट्ट आणि किरकिर आपण सर्रास एकाच पिशवीत टाकतो आणि तिथे चूक होते. हट्टाला लावायचं औषध किरकिरीला लावलं की मूल एकटं पडतं.

रुसवा तिसराच. ‘रुष्’ धातूतून आलेला, रोषाचा भाऊ, पण कितीतरी मवाळ. हिंदीतला रूठनाही त्याच घरचा. रुसायला कोणीतरी लागतं. आपण कोणावर तरी रुसतो, त्याशिवाय रुसणं होतच नाही. ज्याला मनवायला कोणी येणार नाही अशी खात्री आहे, तो रुसत नाही. तो रागावतो, खचतो किंवा निघून जातो. रुसणं हा विश्वासाचा एक प्रकार आहे. आणि रुसताना बसावं लागतं, हे एक नवलच. रुसून बसणं, फुगून बसणं, फुरंगटून बसणं, अडून बसणं. रुसलेलं मूल जातं ते फार लांब जात नाही. कोपऱ्यात बसतं, जिथून आपण त्याला दिसू आणि ते आपल्याला दिसेल. बसणं म्हणजे वाट पाहणं. फुरंगटणे या क्रियापदाचा तर ‘फुरंगटून’ आणि ‘बसणे’ यांच्याशिवाय संसारच होत नाही. ‘ती फुरंगटली आणि कामाला लागली’ असं कोणी म्हणणार नाही.

मोठी माणसंही रुसतात आणि आपल्या भाषेतला सगळ्यात मोठा रुसवा एका दाराआड बसलेला आहे. ज्ञानेश्वरांचा कोणीतरी अपमान केला आणि ते झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. बाहेर धाकटी बहीण मुक्ता. परंपरेतली जन्मवर्षं धरली, त्यांचं 1275 आणि तिचं 1279, तर ती त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. ती त्यांना जे म्हणाली ते ताटीचे अभंग. त्यात ती त्यांना संत कसा असावा ते सांगते. जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हावं, असं सांगते. हे सगळं ऐकताना ती उपदेश करते आहे असं वाटू शकतं. पण प्रत्येक अभंग जिथे येऊन टेकतो ती ओळ उपदेशाची नाही. ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा.’ दार उघड, एवढंच. रुसलेल्या माणसाला तू चुकतोस हे सिद्ध करून बाहेर आणता येत नाही, हे त्या लहान बहिणीला ठाऊक होतं. ती दाराशी बसून राहिली आणि हाक मारत राहिली. मला हे अभंग आठवतात तेव्हा शब्दांआधी तो आवाज ऐकू येतो, दाराच्या बाहेरून पुन्हा पुन्हा येणारा.

या कामाला मराठीत समजूत काढणं म्हणतात. आणि समजूत घालणंही म्हणतात. एकच समजूत, एकदा काढायची आणि एकदा घालायची. दोन्ही क्रियापदं एकमेकांच्या उलट आणि अर्थ जवळजवळ एक, हे मला बरीच वर्षं नुसतं विचित्र वाटायचं. मूल वाढवताना त्यातला फरक लक्षात आला. समजूत घालताना आपल्याजवळचं काहीतरी आपण मुलाच्या आत ठेवतो: हे बघ, उद्या जाऊ, आत्ता अंधार झालाय, दुकानं बंद झालीत. समजूत काढताना आपण काही देत नाही. ती मुलाच्याच आत कुठेतरी असते, खाली बसलेली, आणि आपण पाठीवरून हात फिरवत ती वर येण्याची वाट पाहतो. घालायला शब्द लागतात. काढायला वेळ लागतो.

किरकिऱ्या मुलाची समजूत घालता येत नाही. त्याला समजत नाही असं नाही. ऐकायला जी जागा लागते ती त्या वेळी त्याच्यात शिल्लक नसते.

पुढे मी यावर थोडं वाचलं, कारण आईला हे कळतं आणि मला कळत नाही याची रुखरुख लागून राहिली होती. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1931 मध्ये लहान मुलांच्या रागावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी मुलांना प्रयोगशाळेत आणून चिडवलं नाही. घरोघरच्या आयांना वह्या ठेवायला सांगितल्या: मूल कधी चिडलं, काय झालं होतं, किती वेळ चाललं, तुम्ही काय केलंत. त्या नोंदींतून जे निघालं ते कोणत्याही आजीला आधीच माहीत होतं. मुलं जेवणाआधी आणि झोपेआधी जास्त चिडतात, आजारपणात जास्त चिडतात. भूक, झोप, दुखणं. पण ते वह्यांत तारीखवार लिहिलेलं होतं, आणि आयांच्या नोंदींना विज्ञान म्हणून वाचणारं कोणीतरी होतं, याचं मला फार बरं वाटलं.

त्याहून जास्त चटका लावला तो नंतरच्या एका कामाने. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये दीड ते पाच वर्षांच्या 335 मुलांच्या थयथयाटाची वर्णनं आईवडिलांकडून गोळा केली आणि त्यातला एकेक भाग सुटा केला. लाथा मारणं, वस्तू फेकणं, किंचाळणं हे एका बाजूला गेलं, तो राग. रडणं, जवळ घे म्हणून येणं हे दुसऱ्या बाजूला, ते दुःख. रागाचा भर सुरुवातीला येतो आणि उतरतो; दुःख मात्र सगळ्या वेळभर खालून वाहत असतं. आणि तो बारीक, ताणलेला, नाकातला सूर, ज्याला आपण किरकिर म्हणतो, तो त्यांच्या विश्लेषणात रागाच्या बाजूला पडला नाही. तो दुःखाच्या बाजूला पडला. पुढे 2011 मध्ये पोटेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या अंगातल्या कपड्यात छोटे ध्वनिग्राहक बसवून घरातला खरा आवाज नोंदवला, त्यातही तेच दिसलं. किंचाळी आणि ओरडणं रागाचं, रडणं आणि किरकिर दुःखाची.

हे वाचलं त्या रात्री मी झोपलेल्या मुलाच्या शेजारी बराच वेळ बसले होते. तोवर मी किरकिरीला रागाचं सौम्य रूप समजत होते, उकळी फुटायच्या आधी भांड्याच्या तळाशी होणाऱ्या आवाजासारखं. तो रागावलाय असं वाटलं की माझाही आवाज चढायचा, कारण रागाला राग पटकन ओळखतो. तो दुःखी आहे असं कळलं असतं तर मी दंड धरले नसते.

या शब्दाचा मोठ्या माणसांसाठी होणारा वापर मला खुपतो, त्याबद्दलही लिहिलं पाहिजे. लहान मुलांचे शब्द आपण मोठ्यांना लावतो ते दोन पद्धतींनी. एक मायेने: रुसलीस का गं, फुरंगटून काय बसलायस. त्यात समोरच्याला पुन्हा लहान करून जवळ घेणं असतं. दुसरी पद्धत त्याचं म्हणणं खाली पाडण्यासाठी. घरातल्या बाईने तीच तक्रार चौथ्यांदा केली की ती किरकिर होते, कटकट होते. पुरुषाने पहिल्यांदाच आवाज चढवला तरी तो संताप असतो, त्याचा पारा चढलेला असतो, आणि पाऱ्यापासून सगळे चार पावलं लांब राहतात. संतापाचं कारण विचारलं जातं. किरकिरीचं कारण विचारत नाहीत, ती बंद व्हावी एवढीच अपेक्षा असते. तक्रार चौथ्यांदा का करावी लागली, याचा विचार त्या शब्दात मावतच नाही. आजारी माणसांचं आणि म्हाताऱ्यांचंही असंच होतं.

बाबांचं शेवटचं वर्ष अंथरुणात गेलं. आयुष्यभर कमी बोलणारा माणूस. मला ते कधी चिडलेले आठवत नाहीत. फार तर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, तेवढं आम्हाला पुरायचं. त्या वर्षी ते बोलू लागले, आणि काय बोलायचे, तर उशी वर कर, उशी खाली कर. खिडकी उघड. वारा येतोय. पंखा कमी कर. पांघरूण जड आहे. पांघरूण कुठे आहे? रात्री दोनला, तीनला हाक मारायचे. आवाजही बदलला होता, बारीक झाला होता. आई आणि मी आळीपाळीने जागायचो.

एका रात्री त्यांनी चादरीची सुरकुती काढायला सांगितली. काढली. पुन्हा सांगितली. सुरकुती नव्हती. मी दिवा लावून दाखवलं, ‘‘बाबा, बघा, एकसुद्धा सुरकुती नाहीये.’’ दिवा बंद केला. दहा मिनिटांनी पुन्हा हाक आली. तेव्हा मी ते म्हटलं. हळू आवाजात म्हटलं, ओरडले नाही, पण म्हटलं. ‘‘बाबा, किती किरकिर करता हो.’’

ते गप्प झाले. मुलगा गप्प झाला नव्हता, त्याने पुन्हा सुरू केलं होतं, आणि आता वाटतं की तेच बरं होतं. बाबांनी सकाळपर्यंत एकही हाक मारली नाही. मला झोप लागली. उजाडल्यावर मी पाहिलं, तर ते तसेच छताकडे बघत जागे होते.

आईने त्यांना कुशीवर वळवलं, पाठ पुसायला घेतली आणि थांबली. कमरेखाली, माकडहाडाजवळ, रुपयाएवढी कातडी लालजांभळी झाली होती. सुरकुती चादरीत नव्हती. खूप दिवस एकाच अंगावर पडून राहिलेल्या शरीरात जिथे हाड कातडीला टेकतं तिथे रक्त पोचत नाही, कातडी आतून मरू लागते. बाहेरून काही दिसायच्या आधी तिथे टोचतं, दुखतं, काहीतरी खाली आलंय असं वाटतं. त्यांना ती सुरकुती वाटली. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींत सगळ्यात जवळची गोष्ट सुरकुतीच होती. नंतर कळलं की म्हातारपणी लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्गसुद्धा कधी कधी तापाआधी चिडखोरपणातून, गोंधळातून दिसतो. मलावरोध, दुखरा दात, ऐकू न येणं, कशानेही. सांगता येत नाही तेव्हा माणूस किरकिरा होतो, तिसऱ्या वर्षी काय आणि ऐंशीव्या वर्षी काय.

आई मला काही बोलली नाही. मी काय म्हटलं होतं ते तिला माहीत नव्हतं. ती त्यांच्या पाठीवरून ओला फडका फिरवत त्यांनाच म्हणाली, ‘‘म्हणून किरकिरे झाला होतात होय.’’ आणि बाबा, जे रात्रभर बोलले नव्हते, ते म्हणाले, ‘‘हं.’’

ते ‘हं’ मी विसरू शकत नाही. त्यात सुटका होती. कोणीतरी बरोबर शब्द लावला होता. त्यानंतर दर दोन तासांनी कूस बदलायची असं आम्ही ठरवलं, हवेची गादी आणली, ती जागा चिघळली नाही. बाबा नंतर चार महिने होते. हाका मारायचे. मी जायचे, सांगितलेली सुरकुती हाताने सारखी करायचे आणि मग विचारायचे, ‘‘अजून कुठे टोचतंय?’’ कधी सांगायचे, कधी माझा मनगटाजवळचा हात धरून ठेवायचे, आणि मला कळायचं की या वेळी कुठेच टोचत नाहीये, या वेळी नुसतं रात्र मोठी आहे.

मुलगा आता आठ वर्षांचा आहे. त्याच्या वयाला किरकिर शोभत नाही असं तोच म्हणतो. ती लहान मुलांची असते. त्याची चिडचिड असते. आणि चिडचिड हा शब्द मराठीत तिन्ही प्रकारे वापरता येतो, हे मी त्याच्याकडून शिकले. चिडचिड करणं हे मी त्याला म्हणते, माझा दिवस वाईट गेलेला असेल तेव्हा. चिडचिडा झालाय हे त्याची आजी म्हणते. तिसरा प्रकार त्याने स्वतः काढला, म्हणजे भाषेत तो होताच, पण मला तो कोणी मुलाच्या तोंडून ऐकवला नव्हता.

गेल्या आठवड्यात तो शाळेतून आला. दप्तराचा एक पट्टा खांद्यावर, एक लोंबता. बूट काढताना नाडीची गाठ बसली, त्याने ती ओढली, आणखी घट्ट बसली. मला तो सूर ऐकू आला, अजून तोंडाबाहेर न पडलेला, घशातच. मी काही म्हणायच्या आत तो नाडी सोडून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आई, माझी खूप चिडचिड होतेय. का ते मला माहीत नाही.’’

माझी. होतेय.

मी हातातलं काम ठेवलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थोडी सरकले. तो एका पायात बूट तसाच ठेवून शेजारी येऊन बसला.